गळलेलं ‘नाही’

‘बसलो’ असं मी वरून ओरडलो तेव्हा मी उभा होतो.

हे एक वाक्य कागदावर उतरायला मला बरीच वर्षं लागली. ज्यांना डोंगर चढायचा नाद नाही त्यांना यात गुन्हा काय ते कळणार नाही, म्हणून आधी तेवढं सांगतो. दोघं जण एका दोराला बांधून घेऊन कडा चढतात तेव्हा एका वेळी एकच चढतो. पहिला वर जाऊन जागा धरतो, स्वतःला झाडाला किंवा खडकाला बांधून घेतो, पाय रोवून खाली बसतो, दोर कमरेमागून घेतो आणि मग खालच्याला सांगतो की आता ये. खालचा निसटला तर त्याचं सगळं वजन या बसलेल्या माणसावर येतं. तो बसलेला नसेल तर दोर असून नसल्यासारखा. आमच्यात हे सांगायचा शब्द होता ‘बसलो’. मी तो उभ्यानं उच्चारला आणि माझे जोडीदार वीस-बावीस फूट खाली पडले. ही चूक झाली. त्यानंतर मी जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही.

माझे जोडीदार तारघरात नोकरीला होते. सगळे त्यांना तारबाबू म्हणत, मीही तेच म्हणत आलो. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. साठ सालच्या पुढेमागे मी नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मालाच्या बिल्ट्या लिहायला नुकताच लागलो होतो. दिवाळीला येत नाही अशी तार मामाला करायची होती. इंग्रजीत ‘नॉट कमिंग’ लिहून कागद खिडकीतून आत सरकवला. आतल्या किडकिडीत माणसानं तो वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

“‘नॉट’ खोड.”

“काहून? मी खरंच नाही चाललो.”

“रस्त्यात ‘नॉट’ गळला तं तुहा मामा स्टेशनवर बैलबंडी जुपून उभा राहीन. ‘कॅन्सल्ड’ लिही. तो शब्द अर्धा गळला तरी समजते.”

मागे रांग लागली होती. लोक कुरकुर करत होते. हा माणूस मला शांतपणे सांगत होता की कुठल्याशा गावी एकदा तारेतलं ‘नॉट’ गळलं. निघू नका असा निरोप होता, तो निघा असा पोचला. मोडलेल्या लग्नाचं वऱ्हाड मुलीच्या दारात येऊन उभं राहिलं. “नवरदेव घोड्यावर अन् मुलीचा बाप आतून कडी लावून बसला,” ते म्हणाले. हसले नाहीत. मागचा एक जण म्हणाला, “बाबू, आमच्या तारा मुहूर्त टळल्यावर जातीन का?” त्यावर तारबाबूंनी त्याचाही कागद मागून घेतला आणि त्यातही काही खोडायला सांगितलं.

ही तालीम त्यांनी स्वतःच्या बोलण्यातही आणली होती. ‘नाही’ हा शब्द ते वापरतच नसत. ‘नको’ही नाही. नकार द्यायचा असला की तो सरळ वाक्यात बसवायचा. चहा नको असला की ‘आताच झाला’. बस येणार नसली की ‘पायी चाललो’. पहिल्यांदा इतवारीतल्या त्यांच्या खोलीवर जेवायला गेलो तेव्हा त्यांच्या बायकोनं मला हे समजावून सांगितलं. त्यांना मी वहिनी म्हणू लागलो. वहिनी बोलायला फटकळ, आणि नवऱ्याचं कौतुकही तक्रारीच्या सुरात करायच्या.

“यायले वांगं आवडत नाही, भाऊजी. पण तसं म्हणतीन कसे? म्हणते, वांगं दुसऱ्यायले वाढ. आता या घरात दुसरं कोण हाय? मीच! बारा वर्षांपासून मी दोघायचं वांगं खाऊन राहिली.”

“चांगलं पचते तुले,” तारबाबू म्हणाले.

मूलबाळ नव्हतं. कोणी विचारलं तर तारबाबू ‘आमी दोघंच’ एवढंच म्हणत. त्या वेळी मात्र वहिनी उठून आत जात.

त्यांचा कान हा आमच्याकडे सांगायचा विषय होता. तारघराच्या त्या मोठ्या खोलीत दहा-बारा यंत्रं एकाच वेळी कट्टकड करत असत, आणि त्यात ते स्वतःच्या यंत्राचा आवाज बरोबर वेगळा काढत. यंत्रामागे सिगारेटचा रिकामा डबा खोचलेला असे, म्हणजे आवाज जरा खणखणीत येतो. डोळे मिटून ऐकायचं आणि हातानं लिहायचं. पलीकडे कोण बसलंय, तो आज घाईत आहे का, त्याची तब्येत कशी आहे, हेही त्यांना त्या टकटकीवरून कळे. मलाही त्यांनी ती लिपी शिकवली. एका लग्नात पंगतीत बसलेले असताना त्यांनी माझ्या गुडघ्यावर बोटानं टकटक करून कळवलं की समोरच्या गृहस्थानं जिलबी कोटाच्या खिशात घातली. मला ठसका लागला. ते वरण कालवत राहिले.

हाच कान ते डोंगरावर नेत. कड्यावर प्रत्येक दगड धरण्याआधी बोटाच्या पेरानं ठोकून बघायचे. भरीव दगड वेगळा बोलतो, पोकळ वेगळा. “हा खोटा हाय, याले सोड,” म्हणायचे, आणि मी हट्टानं तो ओढून पाहिला की तो खरंच हातात यायचा.

दोरावर बोलायचे शब्द त्यांनी ठरवून दिले होते. पाचच. बसलो, ये, थांब, ढील, खीच. शेवटचे दोन नागपूरच्या संक्रांतीतले, पतंगाचे. दोर सैल सोड म्हणजे ढील, ओढून घे म्हणजे खीच. खालच्यानं फार तर ‘बसला?’ एवढं विचारायचं, त्यापलीकडे दोरावर एक शब्द बोलायचा नाही, आणि नकार तर मुळीच नाही. तयार नसलास तर ‘थांब’ म्हण. ‘नाही बसलो’ असं कधी म्हणायचं नाही, कारण वाऱ्यात ‘नाही’ उडून जातं आणि खालच्याला ‘बसलो’ तेवढं ऐकू येतं. ‘दोरही तारच हाय,’ असं ते म्हणत.

रविवारी रामटेकच्या मागच्या खडकांवर आमचा सराव चाले. चार-पाच दिवस सुट्टी मिळाली की इतवारी स्टेशनवरून छिंदवाड्याची छोटी गाडी, पुढे बस, आणि सातपुड्यातले कडे. दोनदा हिमालयातही जाऊन आलो. एकदा शिखराच्या हाताभर खालून परतलो, तेव्हा तारबाबू म्हणाले होते की पेन्शन लागली की इथे सवडीनं येऊ, तेव्हा घाई राहणार ती फक्त यमाला. अशी पंधरा वर्षं गेली. या काळात माझं लग्न झालं, दोन मुली झाल्या, गोदामातली बढती झाली. पण मी कोण असं मला कोणी विचारलं असतं तर मी तारबाबूंचा जोडीदार असंच सांगितलं असतं.

एक सवय राहिली सांगायची. वरून ‘बसलो’ ऐकू आलं की तारबाबू खाली निवांत बसून बुटांच्या नाड्या बांधायला घेत. आधी बांधल्या की पाय आंबतात असं त्यांचं म्हणणं. एकेक भोक, एकेक पीळ. दोन मिनिटं ठरलेली. पंधरा वर्षांत ती कधी दीड झाली नाहीत. त्या डिसेंबरमध्ये छोट्या गाडीत बसलो असताना मी चेष्टेत म्हणालो होतो, “तारबाबू, तुमच्या नाड्यायमधेच माही उमर चालली.” चेष्टेत म्हटलं असं मी आजवर सांगत आलो. ती पूर्ण चेष्टा नव्हती. ते त्रेपन्न वर्षांचे झाले होते, दम लागत होता, दोन वर्षांपासून मी सारखा कुठेतरी थांबून त्यांची वाट बघत होतो आणि मनातून वैतागलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी कड्याच्या वरच्या पट्टीवर पोचलो. ऊन छान होतं, वारा अजिबात नव्हता. बांधून घ्यायला जवळ झाड नव्हतं, जरा मागे एक बुंधा दिसत होता. मी दोर हातात सैल धरून पाण्याची बाटली काढली. खालून आवाज आला, “बसला?” मी पाणी पीत होतो. परत आला, “बसला?” मी बुंध्याकडे बघत होतो. तिसऱ्यांदा आवाज आला आणि माझं डोकं फिरलं. ‘थांब’ म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण मी मनाशी हिशेब केला की दोन मिनिटं नाड्या चालतील, तेवढ्यात माझं बांधून होईल. मी ओरडलो, “बसलो!”

तारबाबू लगेच चढायला लागले. माझं गाडीतलं बोलणं त्यांना लागलं होतं. मी चढत असतानाच त्यांनी नाड्या बांधून ठेवल्या होत्या.

हे मला त्या क्षणी कळलं नाही. मी बुंध्याकडे चार पावलं गेलो होतो. दोर एकदम हातातून सरसर पळायला लागला तेव्हा मी दोन्ही मुठी आवळल्या. गुडघ्यांवर घसरत पट्टीच्या कडेपर्यंत गेलो, एका मुळाला पाय अडकला, आणि दोर थांबला. हाताची कातडी जळल्याचा वास आला. खालून काहीच आवाज आला नाही.

उतरून गेलो तर पहिल्याच पकडीला निसटून ते निघाले होते त्याच्याही खालच्या एका टप्प्यावर आडवे होते. मांडीचं हाड मोडलं होतं, गळ्याजवळचंही. शुद्धीवर होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं,

“तू ‘बसलो’ म्हटलं होतं का गा?”

त्या विचारण्यात राग नव्हता. तारघरात शंका आली की पलीकडच्याला मजकूर परत विचारतात, तसं विचारलं. मी खरं सांगितलं असतं तर ते ‘बरं’ म्हणाले असते असं मला आज वाटतं. मी म्हणालो,

“‘अजून नाही बसलो,’ असं म्हटलं होतं.”

त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, “‘नाही’ गळलं.” मग म्हणाले, “दोरावर नकार काहून घेतला?”

“चुकलं,” मी म्हणालो. “घाईत तोंडातून निघून गेलं.”

यात किती कावा आहे पाहा. लहान चूक मी कबूल केली, आणि तिच्या आड मोठी लपवली. नकाराचा नियम मोडल्याबद्दल मी त्यांची माफीसुद्धा मागितली. त्या दुखण्यातही त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. तळव्यांची सालं निघाली होती. “हातानं धरलं मले तू,” ते म्हणाले. खालच्या गावातल्या लोकांनी त्यांना बाजेवर घालून सडकेपर्यंत आणलं. वाटभर ते त्या अनोळखी माणसांना तेच सांगत होते, की यानं नुसत्या हातानं धरलं.

बसलेल्या माणसाचे तळवे असे सोलत नाहीत. दोर कमरेमागून असता तर कमरेवर वळ उठला असता. हे कळायला त्यांच्याहून जाणता माणूस नागपुरात नव्हता. पण त्यांनी मला तपासून पाहिलंच नाही, स्वतःला तपासलं.

आमच्यामुळे डोंगर चढायला लागलेली दहा-बारा माणसं होती. त्यांनी दोन महिन्यांनी कुणाच्या तरी गच्चीवर माझा सत्कार केला. शाल, नारळ. तारबाबू कुबड्या घेऊन आले होते. त्यांनी भाषण केलं. म्हणाले की वरच्याचा निरोप बरोबर होता, माझ्या कानातून एक शब्द गळला, आणि तो शब्द त्यानं स्वतःची कातडी देऊन भरून काढला. माझ्या शेजारी वहिनी बसल्या होत्या. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, कुंकू शाबूत राहिलं ते तुमच्या हातानं.” मी शाल घडी करत राहिलो.

त्यानंतर मी जे पाहिलं ती सगळी माझीच करणी होती. कामावर रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात तारबाबूंनी साहेबाला अर्ज दिला की ऐकण्यात दोष आल्यामुळे मला यंत्रावरून काढून नोंदवहीवर बसवावं. साहेबाला नवल वाटलं. चुकीची एक तक्रार नव्हती. तरी त्यांनी तो मंजूर करून घेतला. घरात पाटी आली. महत्त्वाचं काही असेल तर वहिनींनी त्यावर लिहायचं.

“हे सोंग हाय, भाऊजी,” वहिनी मला सांगायच्या. “पाणी भरा म्हटलं का ऐकू येत नाही, पाटीवर लिही म्हणते. अन् भांडे घासता घासता मी हळूच यायच्या बहिणीले एक शिवी देली, तं बाहेरच्या खोलीतून म्हणते, तिचं नाव सोडून दे!”

मी हसायचो. काय करणार होतो?

कानाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. मला वाटलं, डॉक्टरच सांगेल आणि माझी सुटका होईल. डॉक्टरनं दोन्ही कान तपासले आणि म्हणाला की कान ठणठणीत आहेत, माझ्यापेक्षा चांगले. बाहेर आल्यावर तारबाबू म्हणाले, “भला माणूस हाय. मन राखून बोलला.”

“अहो, त्यानं यंत्र लावून तपासलं.”

“तो मले आज भेटला गा. तू पंधरा वर्षांपासून दोरावर हाय.”

मी सायकलचं कुलूप काढायला खाली वाकलो आणि जरा वेळ वाकलेलाच राहिलो.

दीड वर्षानंतर ते लंगडत माझ्या दारात आले आणि म्हणाले, “चाल.” मला वाटलं होतं डोंगर सुटला. सुटला नव्हता, पण बोलणं सुटलं. म्हणाले, “आता शब्द बंद. झटक्यानं बोलू.” तीन झटके म्हणजे बसलो, एक म्हणजे थांब. मी वर जायचो, झाडाला बांधून घ्यायचो, बसायचो, गाठ पुन्हा तपासायचो आणि तीन झटके द्यायचो. पुढची पाच-साडेपाच वर्षं आमची अशी गेली. त्यांनी साठी गाठली, माझे केस पांढरे व्हायला लागले. पूर्वी दोन कड्यांच्या मध्ये त्यांचे पाच शब्द घुमायचे. आता पाखरं ऐकू यायची. दगडही ते स्वतः ठोकेनासे झाले. टप्प्यावर पोचले की मला म्हणायचे, “तू ठोक, तू सांग.” मी ठोकायचो. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी सांगायचो, “भरीव हाय.” ते तो दगड धरायचे.

हिमालयाचं त्यांनीच मोडलं. पेन्शन लागल्यावर एकदा रामटेकला शिदोरी सोडून बसलो होतो. म्हणाले, “ते शिखर तू दुसऱ्यासंगं कर. तिथं वारा असते. बहिरा माणूस दोरावर घेणं म्हणजे दुसऱ्याचं मरण खिशात ठेवणं.”

“तुमच्याशिवाय मी जाणार नाही,” मी म्हणालो.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना ती निष्ठा वाटली. मी शिदोरीतली चटणी त्यांच्या पोळीवर वाढली.

पेन्शननंतर त्यांनी इतवारीतली खोली सोडली. हातगाड्या, टेम्पो, भांड्यांच्या दुकानांतला ठोकाठोकीचा आवाज, यात कुठला आवाज खरा आणि कुठला कानातला हे कळेनासं झालंय असं ते म्हणत. हुडकेश्वरला प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. तेव्हा तिकडे चार-दोन घरं, बाकी तुरीची शेतं. “इथं शांत हाय. जे ऐकू आलं ते खरं,” म्हणाले. वहिनींना मुळीच आवडलं नाही. “इतवारीत शिंकलं तरी चार जण विचारायचे, बरं हाय का,” त्या म्हणाल्या. “इथं मेलं तरी कळायचं नाही.” रागाच्या भरात बोलल्या.

घर झाल्यावरच्या पहिल्याच मे महिन्यात वहिनींनी गच्चीवर मुंगवड्या वाळत घातल्या होत्या. दुपारी दीडच्या सुमारास वड्या उलटवायला त्या वर गेल्या. जिन्याला अजून कठडा बसला नव्हता. उतरताना तोल गेला आणि त्या घराच्या मागच्या बाजूला पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शेजारचं घर दोन प्लॉट सोडून, तेही लोक गावी गेलेले. नागपूरचं मेमधलं दीडचं ऊन. तारबाबू समोरच्या खोलीत कूलरपुढे पडले होते. तीन वाजता पाणी प्यायला म्हणून मागे गेले तेव्हा त्यांना त्या दिसल्या.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन लागल्यामुळे वहिनी बरळत होत्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनी तारबाबूंशी बोलणं बंद केलं. मला म्हणाल्या, “तुमच्या दोस्ताले सांगा, माह्या खाटेपाशी बसू नका.”

“वहिनी, त्यायले ऐकू आलं नसन.”

“आलं होतं. त्यायनं कूलर बंद केला तो मी ऐकला, भाऊजी. मंग पुन्हा लावला, तेही ऐकलं.” त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. “सात वर्षं सोंग पाहिलं, मी हसली. आता माही हाक ऐकून बसून राहिले. असा माणूस मले घरचा वाटत नाही.”

बाहेर व्हरांड्यात तारबाबू बाकावर बसले होते. मी शेजारी बसलो. त्यांनी आपण होऊनच सांगितलं.

“तीनदा आली हाक. पहिली आली तं मी कूलर बंद केला. दुसरी आली. ‘अहो’ म्हणे. मी म्हटलं, हे कानाचं हाय.”

“अन् तिसरी?”

“तिसरी आली तवा मी कूलर लावला. आवाज दाबाले.” ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. “ज्या कानानं तुहं ‘नाही’ गाळलं गा, त्याच्या भरवशावर त्या उन्हात काहून उठू, असं वाटलं मले.”

मी त्या दिवशीही सांगितलं नाही. हे मला लिहिलंच पाहिजे. मी उठलो, खाली जाऊन चहा आणला आणि त्यांच्या हातात पेला दिला. पुढचे पंधरा-सोळा दिवस मी रोज डबा घेऊन गेलो. वहिनींच्या खाटेपाशी मी बसायचो आणि त्यांचा नवरा बाहेर बाकावर. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून म्हणत, देवासारखा माणूस आहे.

वहिनींना घरी आणलं त्यानंतर दोन दिवसांनी मी हुडकेश्वरला गेलो. सकाळचे दहा वाजले होते. वहिनी आतल्या खोलीत पडून होत्या. तारबाबूंनी समोरच्या खोलीत दोराचं वेटोळं करून ठेवलं होतं. मला म्हणाले, “हा घेऊन जा. माहं झालं.”

“वहिनी बोलल्या का?”

“पाटीवरही लिहिणं बंद केलं तिनं.”

तेव्हा मी बोलायला लागलो. पण तेही नीट जमलं नाही. मी गाडीतल्या चेष्टेपासून सुरू केलं. नाड्या, ऊन, पाणी, जवळ झाड नव्हतं, मी तेव्हा सदतीसचा होतो, भीती वाटली. ते ऐकत होते. मग त्यांनी हात वर केला.

“थांब. कारणं काढून टाक. नुसता निरोप दे.”

“मी ‘बसलो’ म्हटलं होतं. मी उभा होतो. तुमाले बरोबर ऐकू आलं.”

“किती वेळा म्हटलं?”

“एकदा.”

“वारा?”

“नव्हता.”

त्यांनी तोंडातल्या तोंडात तो शब्द एकदा म्हणून पाहिला. चिडतील, हात उगारतील, असं मला वाटलं होतं. मी त्यासाठी तयार होऊन आलो होतो. ते म्हणाले, “मंग तो डॉक्टर खरं बोलला.” आणि मग, “पाच वर्षं मी तुले विचारून दगड धरले.”

“मले माफ करा, तारबाबू.”

“माह्यापाशी मागून काय करतं? माहा डोंगर गेला, कान गेला, ते माहं मी पाहीन.” त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. “ती मले परका समजते. मी सांगतलं तं ते सोंगातच जमा होईन. आत जा. जिनं हाक मारली तिले सांग.”

ते बाहेरच थांबले. मी आत गेलो. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पायाला वजन लटकवलेलं. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी मान वळवली आणि म्हणाल्या, “या भाऊजी, बसा.” खुर्ची होती. मी खाटेजवळ जमिनीवर टेकलो. त्या माझा चेहरा निरखत राहिल्या. मग मी त्यांना म्हणालो,

“वहिनी, डोंगरावर मी खोटं बोललो होतो. तारबाबूनं बरोबर ऐकलं होतं, अन् मी माही चूक लपवासाठी त्यायले सांगतलं का तुमी चुकीचं ऐकलं. तवापासून त्यायनं आपल्या कानावरचा भरवसा सोडला अन् माह्यावर ठेवला. तुमची हाक त्यायनं टाळली असं समजू नका. त्यायले ती खरी वाटली नाही, ते माह्यामुळे. त्या उन्हात तुमी दीड तास पडून राहिल्या, तेही माह्यामुळे. तुमी माह्याशी जन्मभर बोलल्या नाही तरी चालन, पण त्यायच्याशी बोला. माहा गुन्हा हाय, वहिनी. मी तुमची माफी मागतो.”